तोफांच्या जत्रेत 'पैलतीर'

पॅरिसला जाऊन आयफेल टॉवर न बघता रणगाडे बघून आलेली काशीतल्या दूधविनायकाच्या गल्लीतली मी पहिलीच बाई असेन. परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "काय मग, पॅरिस कसं होतं?" मी सांगते, "छान होतं. तोफा अगदी लख्ख पुसून ठेवल्या होत्या." त्यावर लोक हसतात, विषय बदलतात, आणि घरी जाऊन सांगतात की म्हातारीचं आता काही खरं नाही. म्हणून हे लिहून काढलं. ज्यांना तिकडे जायचं नाही, ज्यांना कोणी नेणार नाही आणि नेलं तरी ज्यांचे गुडघे येणार नाहीत, अशा सर्वांसाठी.

निघण्याआधी

ह्या प्रवासाला दोघी जबाबदार आहेत. एक माझी नात मुक्ता, आणि दुसरी कुमारी कुमुद, बी.ए. कुमारी कुमुद म्हणजे लग्नाआधीची मी. तिची ओळख आधी करून देणं भाग आहे, कारण फुशारक्या तिच्या आणि विमानात पाय आखडून बसले मी.

कुमुद बी.ए.ला शिंगं फुटली होती. तिनं विद्यापीठात फ्रेंचची पदविका केली. फ्रेंचच का, तर संस्कृतच्या वर्गावर काका होते, मराठीच्या वर्गावर मामा होते, फ्रेंचच्या वर्गावर मात्र कोणी नातेवाईक नव्हतं. धुकं, चंद्र, उदासी, पानगळ असे पुष्कळ शब्द ती शिकली. प्यायचं पाणी कुठे मिळेल, हे विचारायला शिकली नाही. ते कवितांत येत नसे. आपण पॅरिसला जाणार, चित्रांसमोर हनुवटीला बोट लावून उभ्या राहणार, आणि कोणीतरी दाढीवाला हळूच विचारणार की आपण कुठल्या, इथपर्यंत तिचं सगळं ठरलेलं होतं.

दिली तिला दूधविनायकाला. सासरचा व्यवसाय तीर्थोपाध्यायाचा. महाराष्ट्रातून काशीला येणाऱ्या यात्रेकरूंना उतरवून घ्यायचं, जेवू घालायचं, घाटावर त्यांचे विधी करवायचे. मामंजी, म्हणजे माझे सासरे, सकाळी उंच काठी घेऊन स्टेशनवर जात. काठीच्या टोकाला पिवळं फडकं. गर्दीतून यजमान त्या फडक्याकडे बघत बघत येत. कुमुद बी.ए.ला ह्याची इतकी लाज वाटे की पाहुणे आले की ती मागच्या चौकात जाऊन गाईशी फ्रेंच बोलत बसे. गाय समजूतदार होती. तिनं कधी उच्चार सुधारले नाहीत.

यजमान ओटीवर टेकले की मामंजी गूळपाणी पुढे करत आणि एकच प्रश्न विचारत, "कोणासाठी आलात?" विधी कोणता, मुक्काम किती, हे सगळं मागाहून. "आधी 'काय पाहिजे' विचारलं की माणसाचं गिऱ्हाईक होतं," ते म्हणत. "'कोणासाठी' विचारलं की तो खाली बसतो." दाराआडून कुमुद बी.ए. नाक मुरडत असे. काय हे अघळपघळ बोलणं! युरोपात असं कोणी कोणाला विचारत असेल का?

आता मुक्ता. तिनं आणि तिच्या वर्गातल्या पंकजनं मिळून बालाजी घाटाजवळच्या एका माडीवर कंपनी काढली आहे. पंकज नावाड्याच्या घरचा. एका थंडीत त्याच्या रामधनी चाचांची नाव दाट धुक्यात वाळूच्या मोठ्या बोटीवर आदळली. चाचा वाचले, नाव वाचली नाही. त्यावरून दोघांनी एक डबा तयार केला. त्यात ऊब ओळखणारा कॅमेरा आणि छोटंसं रडार. धुक्यात पुढची नाव, पाण्यातलं माणूस, पलीकडचा काठ, सगळं पडद्यावर दिसतं. त्याचं नाव त्यांनी ठेवलं 'पैलतीर'. मुक्ताला ह्या शब्दाचा एकच अर्थ माहीत होता. मला दोन माहीत होते, पण बारशाला मला कोणी विचारलं नव्हतं.

डबा छान चालला. अडचण एवढीच की नावाड्यांना तो परवडेना आणि सरकारला घाई नव्हती. मग कोणीतरी सांगितलं, संरक्षण खात्याकडे जा, नद्यांवर गस्त तेच घालतात. ते म्हणाले, "उत्तम आहे. बाहेरच्या देशात कोणी घेतलाय का?" बाहेरच्यांना पत्रं लिहिली. ते म्हणाले, "उत्तम आहे. तुमच्या देशात कोणी घेतलाय का?" दोघांनाही नवरी नवीच पाहिजे होती, फक्त बाळंतपणाचा अनुभव असलेली.

यावर उपाय म्हणे एकच. शस्त्रांच्या प्रदर्शनात जायचं. तिथे सगळ्या जगाचे सेनाधिकारी आयतेच फिरत असतात. त्यातला एक जरी म्हणाला की आमच्या नदीवर चाचणी घेऊ, तरी घरचे-बाहेरचे सगळे पसंत करतात. मुक्तानं मला सरळ सांगितलं होतं, "आजी, वहाँ एक ट्रायल मिळाली तर मी इथेच. नाही मिळाली तर बेंगळुरूची नोकरी घेते, पंकज हैदराबादला जातो." बेंगळुरूवाले उत्तराची वाट बघत होते. तिचे आईवडील जबलपूरला. ह्या घरात माझ्याशी मराठी बोलणारी ती एकटी, तीही अर्धी हिंदीत. ती गेली की मला मराठी बोलायला पुन्हा गाय शोधावी लागणार, आणि आता तर गायही नाही.

मग मला का नेलं? फ्रेंच बोलणारे पुष्कळ देश येणार होते, दुभाष्या ठेवण्याची ऐपत नव्हती, आणि घरात जन्मभर कोणीतरी सांगत आलं होतं की मला फ्रेंच येतं.

पहिला दिवस: मंडपात

पॅरिस मी टॅक्सीच्या काचेतून पाहिलं. चांगलं दिसत होतं, लांबून. आमचं हॉटेल शहराबाहेर, प्रदर्शनही शहराबाहेर, आणि मध्ये गोदामं. कुमुद बी.ए. काचेला नाक लावून नदी शोधत होती. एक कालवा दिसला, त्यावर तिची समजूत काढली.

दारातच गळ्यात पाटी घातली. माझ्या पाटीवर 'तांत्रिक सल्लागार' असं होतं. "इंटरप्रेटर का पास अलग बनता है, आजी. टेन्शन मत लीजिए," पंकज म्हणाला. तांत्रिक म्हटल्यावर आपल्याकडे लोक ज्या नजरेनं बघतात, तसं कोणी बघितलं नाही, ही त्यातल्या त्यात सोय.

आत गेल्यावर मला पहिल्यांदा माघमेळाच आठवला. एवढा मोठा मंडप, एवढे झेंडे, एवढी गर्दी, आणि सगळ्यांना मोक्षाची खात्री. फरक म्हणजे इथे धूळ नव्हती आणि सगळ्यांच्या बुटांना पॉलिश होतं. एका मोठ्या क्षेपणास्त्राशेजारी वाटीत चॉकलेटं ठेवली होती. सूट घातलेले गृहस्थ एक चॉकलेट तोंडात टाकायचे आणि क्षेपणास्त्राच्या पाठीवरून हात फिरवायचे, वासराच्या पाठीवरून फिरवावा तसा. मीही फिरवला. थंड होतं.

भाषा मात्र फार सोज्वळ. बॉम्ब कुणाकडेच नव्हते, सगळ्यांकडे 'उपाय' होते. शत्रू मरत नव्हता, 'निष्प्रभ' होत होता. एका तरुणानं मला अर्धा तास एक उडतं यंत्र समजावून दिलं. ते लांब जातं, शोधतं, निवडतं आणि 'परिणाम साधतं'. "परिणाम कोणावर?" मी विचारलं. त्यानं मला एक टोपी भेट दिली.

"हे सगळं डिफेन्स आहे, आजी," मुक्ता कुजबुजली. "म्हणजे बचाव."

"सगळेच बचाव करतात तर मारतं कोण गं?"

"हळू बोल ना!"

मंडपात मराठी कळणारं दुसरं कोणी नव्हतं. पण सरकारी मंडपात आलं की माणूस आपोआप हळू बोलतो.

आमचा स्टॉल भारताच्या दालनात, थेट एका जाड खांबामागे. पुढची जागा मोठ्या कंपन्यांची. लहान कंपन्यांना सरकार सवलतीत कोपरा देतं आणि मग त्या कोपऱ्यांचं कौतुक करणारं भाषण समोरच्या मोकळ्या जागेत करतं. दालनाचे व्यवस्थापक नवा कोरा टाय घालून फिरत होते. त्यांना मी मनात टायसाहेब म्हणू लागले. त्यांनी आम्हाला एकच सूचना केली, "मॅडम, स्माइल रखिए."

स्माइल ठेवण्यासारखं आमच्याकडे तेवढंच होतं. कारण खरा डबा दिल्लीत अडकला होता. अंधारात बघणारी वस्तू युद्धसामग्रीत मोडते, ती बाहेर न्यायची तर परवाना लागतो, आणि परवाना प्रदर्शन संपल्यावर मिळणार होता. म्हणून पंकजनं काशीतल्या खोजवाँ मोहल्ल्यातल्या लाकडी खेळणी करणाऱ्या कारागिराकडून हुबेहूब डबा कातून आणला होता. लाखेचा हिरवा रंग, अशी चकाकी की खऱ्यालाही नव्हती. येणारा प्रत्येक जण त्यावर बोट फिरवायचा. एका जर्मन गृहस्थांनी फार गंभीरपणे विचारलं, हा लेप कसला?

"प्रोप्रायटरी," पंकज म्हणाला, म्हणजे घरचं गुपित.

दुसरा दिवस: खांबामागे

सकाळी हॉटेलात न्याहारीला तो कुरकुरीत पाव मिळाला, ज्याचं नाव काढताना कुमुद बी.ए. डोळे मिटून घेत असे. चव चांगली होती, पण खाल्ल्यावर अर्धा साडीवर राहिला. भाजी म्हणून आणलं ते निवडून, धुऊन ठेवलेलं नि फोडणीची वाट बघत बसलेलं. मी पिशवीतून मेतकूट काढून त्यावर पसरलं. चहा गार होता. गारला काय म्हणायचं ते काही केल्या आठवेना, म्हणून मी वेटरला फ्रेंचमध्ये सांगितलं की हा चहा उदास आहे. त्यानं कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दुसरा, कढत, स्वतः घेऊन आला. कुमुदचं शिक्षण अगदीच वाया गेलं नव्हतं.

स्टॉलवर मात्र माशी फिरकेना. पुढून एकामागून एक शिष्टमंडळं जात होती. हे बघितलं आणि मला सगळा धंदा कळला. मध्ये यजमान: टोप्या, पदकं, मागे सचिव. पुढे वाटाड्या. वाटाड्याला आधीच ठरवून दिलेलं, कुठे थांबायचं, कुठे पाणी प्यायचं. खांबामागे पुण्य असू शकतं, हे त्याच्या यादीतच नाही.

दुपारी एक मस्य, म्हणजे श्रीयुत, बर्नार आले. रुपेरी केस, मधाळ आवाज. म्हणाले, तुमच्यासारख्या लहानांना एकटं चालणं कठीण आहे. प्रत्येक देशाचं दार आतून बंद असतं, किल्ली माझ्याकडे असते. फक्त अर्ध्या जगाचे हक्क त्यांच्या नावे करून द्यायचे, आणि दहा वर्षं दुसऱ्या कोणाशी बोलायचं नाही. मुक्ता विचारात पडली. पंकज म्हणाला, "देख लेते हैं ना, और रास्ता भी क्या है?"

मी मुक्ताला बाजूला घेतलं. "मुगलसरायच्या फलाटावर असे रोज भेटायचे. यजमान गाडीतून उतरला की म्हणायचे, तुमचे उपाध्याय वारले, आता मीच. मामंजी काठी घेऊन पलीकडे जिवंत उभे असायचे."

"आजी, ये बिझनेस है."

"तोही बिझनेसच होता. म्हणूनच मामंजी काठी उंच धरायचे."

मस्य बर्नारांना मुक्तानं 'कळवते' सांगून वाटेला लावलं. पण काठीचं म्हणाले आणि माझं मलाच सुचलं. गारठ्यासाठी साडीवरून घेतलेली हळदीच्या रंगाची बनारसी ओढणी माझ्या अंगावर होती. पंकजला म्हटलं, तो कॅमेऱ्याचा तिपाया उभा कर, होईल तितका उंच. त्याच्या टोकाला ओढणी बांधली. खांबाच्या वरून पिवळं टोक दिसू लागलं. तिकडच्या गार वाऱ्याच्या यंत्रानं ते फडकूही लागलं.

टायसाहेब धावत आले. "मॅडम, ये ब्रँडिंग गाइडलाइन में नहीं है!"

"आमच्यात आहे," मी म्हणाले, आणि स्माइल ठेवली.

कुमुद बी.ए. कुठे तोंड लपवावं ते शोधत होती. बिचारीला पॅरिसमध्ये गाय मिळाली नाही.

तिसरा दिवस: पांढरा डाग

शेवटच्या दिवशी मुक्तानं बेंगळुरूवाल्यांना लिहायचं उत्तर फोनवर तयार करून ठेवलं होतं. मला दाखवलं नाही. पण मी तिला लहानपणापासून ओळखते, ती अशी नखं खाते तेव्हा कुठेतरी निघालेली असते.

दुपारच्या सुमाराला पश्चिम आफ्रिकेतल्या एका नदीकाठच्या देशाचं शिष्टमंडळ आमच्या दालनात शिरलं आणि त्यातली एक बाई रांग सोडून सरळ आमच्याकडे आली. उंच, गणवेशातली, नाव कमांडर आमिनाता. नदीवरच्या गस्तीची प्रमुख. तिनं बोट वर करून ओढणीकडे दाखवलं आणि फ्रेंचमध्ये सांगितलं की कालपासून हे काय आहे ते बघायचं होतं. मागे वाटाड्या घड्याळ बघत, आणि त्याच्यामागे टायसाहेब घाम पुसत.

मुक्तानं फिल्म लावली. पडद्यावर आमची गंगा, काळी. वर राखाडी धुकं. नावांचे आकार. आणि मग डाव्या बाजूला एक भला मोठा पांढरा डाग, झळाळणारा.

"हे काय?" कमांडरनं बोट ठेवलं. एवढी इंग्रजी तिला येत होती.

मुक्तानं क्षणाचाही विचार न करता इंग्रजीत सांगून टाकलं, "मणिकर्णिका. चिता आहेत त्या. आम्ही कॅमेरा तिथेच लावून तपासतो, कारण ती आग कधी विझत नाही."

मला वाटतं, त्या अख्ख्या मंडपात, एवढ्या तोफा, एवढी क्षेपणास्त्रं आणि एवढे 'उपाय' यांच्यामध्ये, 'मेलेलं माणूस' हा विषय पहिल्यांदा आमच्या खांबामागे निघाला होता. शेजारच्या स्टॉलवरच्यांनीही मान फिरवली. लोक असे दचकले होते, जणू आपण मारतो ती माणसं पुढे मरतात, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

पंकज माझ्या कानात म्हणाला, "आजी, वहाँ हमेशा आग रहती है। इससे अच्छा टेस्ट सोर्स कहाँ मिलता?" त्याचं बरोबर होतं. काशीत वाढलेल्या पोराला दुसरं काय सुचणार?

टायसाहेब पुढे सरसावले. "इंडस्ट्रियल हीट सोर्स, मॅडम! फॅक्टरी! फॅक्टरी!"

कमांडरनं त्यांच्याकडे बघितलं, मुक्ताकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे वळली. "मादाम?"

मुक्ताचा चेहरा पांढरा पडला होता. फॅक्टरी म्हटलं तर कदाचित निभावलं असतं. पण फॅक्टरीला फ्रेंचमध्ये काय म्हणतात, ते कुमुद बी.ए.ला कोणी शिकवलंच नव्हतं. तिला कवितांतले शब्द येत होते.

"स सों ले मोर," मी म्हणाले. "नो मोर." ते मृत आहेत. आमचे.

कमांडरनं मान हलवली. मग ती पडद्याजवळ वाकली. त्या मोठ्या डागाच्या खाली, जरा बाजूला, एक बारीक करडा ठिपका हलत होता. "आणि हे?"

मी पंकजकडे पाहिलं. तो म्हणाला, "वो? वो हमारे चाचा हैं। नाव में बैठे सुर्ती मल रहे हैं।"

हे मी शब्दशः सांगितलं. तळहातावर अंगठा चोळूनही दाखवला. कमांडर हसली नाही. तिनं ठिपक्यावर बोट ठेवलं, मग आगीवर, मग पुन्हा ठिपक्यावर. एवढ्या आगीशेजारी, धुक्यात, एक जिवंत माणूस तंबाखू चोळताना वेगळा दिसतो? पुन्हा लावा, म्हणाली. पुन्हा लावली. तिसऱ्यांदा लावली. वाटाड्यानं घड्याळ बघायचं सोडून दिलं.

"रिक्वायरमेंट पूछिए, रिक्वायरमेंट!" टायसाहेब फुसफुसले.

काय गरज आहे, कशासाठी हवंय, असंच विचारायचं होतं मला. फ्रेंचमध्ये 'कशासाठी' आणि 'कोणासाठी' यांत उच्चाराचा एवढासा फरक आहे. जीभ घसरली की आमच्या ओटीवर जाऊन बसली, कोण जाणे. मी विचारलं, "पूर की एत्-वू व्हन्यू?"

कोणासाठी आलात?

सौदा विचारायला आलेल्या अधिकाऱ्याला हे विचारत नाहीत. 'कुणाच्या वतीनं आलात', म्हणजे कुठल्या खात्याच्या, असाही त्याचा अर्थ होतो, आणि तसं उत्तर तिला देता आलं असतं. तिनं ते दिलं नाही. मी पंकजची खुर्ची पुढे सरकवली आणि पाण्याचा पेला आणि गुळाचा खडा दिला. गूळ मी कुठेही सोबत नेते. ती बसली.

तिच्या नदीवर धुकं नसतं, धूळ असते. वाळवंटाकडून वारा सुटला की दिवसचे दिवस काही दिसत नाही; तिथे त्याला कोरडं धुकं म्हणतात. ब्रूम सेश. 'ब्रूम' हा कुमुदचा अत्यंत आवडता शब्द. त्यावर तिनं निबंध लिहिला होता, त्यात उसासे फार होते. कमांडर सांगत होती की अशाच एका दिवशी माणसांनी भरलेली नाव उलटली. तिची बोट तिथेच होती. हाका ऐकू येत होत्या. वारा पडल्यावर जेव्हा दिसायला लागलं, तेव्हा ती माणसं तिच्या बोटीपासून फार लांब नव्हती.

"त्यांच्यासाठी," ती म्हणाली.

मग उठताना तिनं डब्यावरचं नाव वाचायचा प्रयत्न केला. "पेल्तीर?"

मी अर्थ सांगितला. पलीकडचा काठ. आणि दुसरा अर्थही सांगितला, कारण आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिच्या भाषेतही दोन्ही आहेत, असं ती म्हणाली.

तिनं लाकडी डब्याला टिचकी मारली. लाकूड बोललं. ती पंकजकडे बघून पहिल्यांदा हसली आणि मला म्हणाली की खेळणं सुंदर आहे, पण खरा डबा ती खऱ्या धुक्यात बघेल. थंडीत, तुमच्या नदीवर. तोवर 'हो' नाही की 'नाही' नाही. मी भाषांतर केलं. टायसाहेबांनी लगेच तिच्याबरोबर फोटो काढून घेतला. त्यात ओढणी फार छान आली आहे.

मुक्तानं फोन काढून ते तयार उत्तर पुन्हा वाचलं. पाठवलं नाही, पुसलंही नाही. बेंगळुरूवाल्यांकडून तिनं थंडी सरेपर्यंत मुदत मागून घेतली.

घरी: पौषातलं धुकं

पौषात कमांडर येते म्हणाली, आणि मी माळ्यावरून मामंजींची काठी काढली. ओढणी तिला बांधली आणि बाबतपूरच्या विमानतळावर जाऊन उभी राहिले. जन्मभर जी त्या काठीपासून लपत आली, ती कुमुद बी.ए. माझ्या शेजारीच होती. खाली मान घालून. तिला एकच दिलासा होता. धुकं इतकं दाट होतं की काठीच कोणाला दिसत नव्हती.

विमानालाही विमानतळ दिसलं नाही. ते वर घिरट्या घालून लखनौला गेलं.

"गया काम से," मुक्ता म्हणाली.

पंकज मात्र हरखला होता. "अरे, इससे बढ़िया डेमो क्या होगा? जहाज वापस हो गया, और हम कल नाव चलाएँगे!"

कमांडर लखनौहून गाडीनं आली. चेहरा धुळीचा, पण काठी पाहिली आणि हात वर केला. रात्री तिनं वरणभात, तूप, मेतकूट सगळं आनंदानं खाल्लं. मी तिला काही विचारलं नाही. मामंजी एकदाच विचारायचे.

सकाळी बालाजी घाटावरून निघालो. नावेचं नाक मला दिसत नव्हतं, कमांडर दिसत नव्हती, माझा स्वतःचा हातही पाहुण्यासारखा लांबून येत होता. मधोमध फक्त डब्याचा पडदा, निळसर. खरा डबा, रंग उडालेला. पंकज वल्ही मारत होता. डावीकडून उजेड न येता नुसती ऊब आली आणि पडद्यावर मणिकर्णिका पांढरी झाली. कमांडरनं तिच्याकडे पाहिलं. मग हातानं खूण केली: ते नको. पलीकडे वळवा.

मुक्तानं कॅमेरा पैलतीराकडे फिरवला. पडदा काळा. काळा. मग वाळूच्या कडेला एक करडा ठिपका, हलणारा. पाठोपाठ त्याच्या जवळच दुसरा, लहान, कुत्रं असावं. डोळ्यांना समोर काही म्हणजे काही नव्हतं.

कमांडर हळूच बोलली. "झ ले झोरे त्रूव्हे."

फ्रेंचमध्ये क्रियापदाचं एक रूप आहे, 'झालं असतं'चं. कुमुद बी.ए.ला ते परीक्षेत कधी जमलं नाही. नेहमी गुण कापले जायचे आणि ती म्हणायची, इतकं वाकडं रूप माणसाला लागतं कशाला? आज लागलं. कशाला लागतं ते कळलं आणि पहिल्या फटक्यात अर्थ लागला.

"आजी," मुक्ता अंधुक पांढऱ्यातून म्हणाली, "काय म्हणाल्या त्या?"

"मला ती माणसं सापडली असती, म्हणाल्या."

वल्ह्यांचं पाणी तेवढं वाजत होतं. मग कमांडरनं मोडक्या इंग्रजीत, सगळ्यांना कळेल असं, सांगितलं: कोरडं धुकं सुरू होण्याआधी हा डबा घेऊन माझ्या नदीवर या. दोघंही या. चाचणी पूर्ण ऋतूभर.

मुक्तानं खिशातून फोन काढला, काहीतरी पुसलं आणि परत ठेवला. "मी परत येईन हां, आजी," ती म्हणाली. अख्खं वाक्य मराठीत.

तेवढ्यात समोरच्या धुक्यातून, नेमकं ठिपक्याच्या दिशेनं, रामधनी चाचांचा आवाज आला, "अरे पंकजवा! चाय लाए हो कि खाली फोटो खींचोगे?"

कमांडरनं माझ्याकडे वळून विचारलं, काय म्हणतात ते?

"जिवंत आहेत," मी म्हणाले. हे भाषांतर कुमुदनं केलं, आणि त्यात एकही चूक नव्हती.